रंकाळ्याच्या आकाशात उभ्या रेघा येतायत, ८ पास करून पण जात नाहीत

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात माझं छोटं प्रिंटिंगचं दुकान आहे, सहा फुटी इको सॉल्व्हंट (सौम्य सॉल्व्हंटच्या शाईचं) मशीन, शाई मारणारं एकच एक्सपी ६०० हेड, चार रंग. दुकानाच्या पाट्या, स्टिकर, गाडीवरचं विनाइल असली कामं रोज चालतात, त्यात आजवर कुणाची तक्रार नाही. पण आत्ता एक काम आलंय ते लई मनावर घेतलंय. एका हॉटेलच्या भिंतीसाठी रंकाळ्याचा संध्याकाळचा फोटो, १० फूट रुंद आणि ५ फूट उंच, विनाइलवर काढून वरनं मॅट लॅमिनेशन. खाली पाणी, कडेला शालिनी पॅलेस आणि झाडी, आणि वरचं निम्म्याहून जास्त नुसतं आकाश, केशरीपासून निळ्यापर्यंत हळूहळू बदलत गेलेलं.

सहा फुटी मशीनवर १० फूट आडवं बसत नाही म्हणून फाइल फिरवून घातली, ५ फूट मशीनच्या रुंदीत आणि १० फूट लांबीला. प्रिंट निघाला, भिंतीला धरून बघितला तर आकाशभर बारीक पांढऱ्या उभ्या रेघा. हॉटेलचे मालक दारातनंच म्हणाले, पाऊस लागलाय काय तुमच्या फोटोत. आणि नुसत्या रेघाच नाहीत, नीट बघितलं की साधारण चार चार बोटांवर रुंद फिकट पट्टे पण आहेत, एक फिकट एक गडद असे. आकाशात आणि पाण्यात दिसतात, पॅलेसच्या दगडात आणि झाडीत शोधून पण सापडत नाहीत.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. हेड क्लीनिंग पाच वेळा मारलं, नोझल (हेडमधली शाईची बारीक भोकं) चेक एकदम क्लिअर आहे, एक पण नोझल उडालेलं नाही. ६ पासवर (एकाच जागेवरनं हेड सहा वेळा फिरवून) काढलं होतं ते ८ पास करून तुकडा काढला, रेघा थोड्या बारीक झाल्या पण गेल्या नाहीत, रुंद पट्टे तर जसेच्या तसे. पावसाळी हवा आहे, शाई लवकर वाळावी म्हणून हीटर ४० चा ५० केलाय गेल्या महिन्यात. फीड कॅलिब्रेशन (मीडिया, म्हणजे विनाइल, दरवेळी किती सरकतो त्याचं सेटिंग) एप्रिलमध्ये केलं होतं, तेव्हा सगळं बरोबर आलेलं. प्रिंट शनिवारी द्यायचाय. एक रोल आधीच वाया गेलाय, त्यामुळे आता अंदाजानं परत प्रिंट मारायची हिंमत होत नाही. कुणाला असला अनुभव असला तर सांगा.

फ्लेक्सवाला_भाऊ
भावा ८ पास आणि फेदर (पासच्या कडा विस्कटणारं सेटिंग) फुल करून मार, स्पीड स्लो ठेव, आमच्यात पेठेतल्या मंडळाची कामं अशीच काढतो, गणपतीत तर बघायला पण वेळ नसतो. फ्लेक्स लोक वीस फुटांवरनं बघतात त्यामुळं तिथं काही वाटत नाही. तुझं काम भिंतीवर आहे, माणूस शेजारी बसून मिसळ खाणार आणि तीन फुटांवरनं बघणार, तिथं अवघड आहे हे मान्य. पण फेदर करून बघ आधी.

जुना_ऑपरेटर
फेदर आत्ता लावू नकोस. फेदर, जादा पास, हे सगळं शेवटी. आधी रेघ कुठली आहे ते ओळखायचं, कारण लांबनं सगळ्या रेघा सारख्या दिसतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. मी बावीस वर्षं मशीन चालवतोय, आधी सॉल्व्हंटवर होतो आता इको आणि यूव्ही दोन्ही. माझ्या हाताखाली आलेला प्रत्येक पोरगा बँडिंग (असल्या रेघा-पट्टे) दिसलं की पहिलं काम हेड क्लीनिंग करतो. तुझा नोझल चेक क्लिअर होता तर पाच क्लीनिंग कशाला मारलीस, शाई गेली, वरनं जास्त पंप ओढला की कधी कधी डॅम्परमध्ये (हेडच्या आधीच्या शाईच्या छोट्या डबीत) हवा शिरते आणि नसलेला प्रॉब्लेम उभा राहतो.

स्टीलची पट्टी घे आणि रेघेपासून रेघेपर्यंतचं अंतर मोज. एक अंतर मोजू नकोस, दहा अंतरं एकदम मोजून दहानं भाग, म्हणजे चूक कमी राहते.

तुझं हेड १ इंचाचं, म्हणजे २५.४ मिमी, एका रांगेत १८० नोझल. ६ पासला मशीन दरवेळी २५.४ भागिले ६ म्हणजे ४.२ मिमी पुढं सरकतं, ८ पासला ३.२, ४ पासला ६.३५. तुझ्या पांढऱ्या रेघा जर ४.२ वर येत असतील तर गडबड पासच्या जोडावर आहे. आणि ते चार बोटांचे पट्टे आहेत त्यांचं अंतर पासशी जुळत नसणार, ती वेगळी गोष्ट आहे, ते पण मोज.

आता इथं एक घोळ होतो तो सांगून ठेवतो. एखादं नोझल बंद किंवा तिरकं मारत असेल तरी त्याची रेघ पण पासच्या अंतरावरच येते, कारण तेच नोझल दर पासला तेवढंच पुढं जातं. मग पट्टीनं फरक कळत नाही. तो कळतो रंगानं. चार चौकोन काढ, नुसता सायन, नुसता मॅजेंटा, नुसता यलो, नुसता काळा, १०० टक्के नको, साधारण ५० टक्के टोन ठेव कारण भरगच्च रंगात रेघा बुजतात. यलोमध्ये डोळ्याला काही दिसत नाही, त्याच्यावर निळा लाइट किंवा निळी काच धरून बघ. एकाच रंगात रेघ असेल तर नोझल किंवा त्या रंगाचा डॅम्पर, शाईचा पुरवठा. सगळ्या रंगांत एकाच जागी असेल तर फीड. आणि चारी रंग स्वच्छ आणि फक्त हिरव्या किंवा लाल मिश्रणात पट्टे असतील तर तिसरीच गोष्ट, ती नंतर सांगतो.

अजून एक, वाया गेलेला प्रिंट टाकून दिलाईस काय? नसेल दिला तर त्याची लांबी मोज. मिलिमीटरमध्ये.

रंकाळाकाठ
काका प्रिंट इथंच गुंडाळून ठेवलाय. आत्ताच फरशीवर पसरून दोघांनी टेप धरून मोजला. फाइल १० फूट म्हणजे ३०४८ मिमी पाहिजे. निघालाय ३०५८. दोनदा मोजला.

पांढऱ्या रेघा दहा अंतरं ४२ मिमी, म्हणजे तुम्ही म्हणता तसं ४.२. रुंद पट्टे साधारण ७८ मिमी वर आहेत, पाच मोजले, ३९० आले.

चार चौकोन काढले. सायन, मॅजेंटा, काळा तिन्हीत रेघा आहेत आणि एका ओळीत आहेत, यलो मोबाइलवर निळा स्क्रीन लावून बघितला, त्यात पण तिथंच आहेत. ही यलोची युक्ती मला माहीतच नव्हती.

जुना_ऑपरेटर
झालं मग, अर्धा प्रश्न सुटला. सगळ्या रंगांत एका जागी म्हणजे फीड. पांढरी रेघ म्हणजे मीडिया जरा जास्त सरकतोय आणि दोन पासच्या मध्ये फट राहतीय, काळसर रेघ असती तर कमी सरकतोय आणि एकावर एक चढतंय असं म्हटलं असतं. आणि तुझी १० मिमी लांबी जास्त आली तीच गोष्ट वेगळ्या तोंडानं सांगतीय. ३०४८ ला १० म्हणजे शेकडा ०.३३.

आता तू म्हणशील ०.३३ टक्का म्हणजे काय मोठं. हिशेब बघ. ६ पासला मशीन १०८० डीपीआय, म्हणजे इंचाला १०८० ओळी काढतंय, एक ओळ ०.०२३५ मिमी. एका स्टेपमध्ये ४.२३ मिमी सरकतं, म्हणजे १८० ओळी. ८ पासला डीपीआय १४४०, ओळ बारीक, स्टेप पण लहान, पण भागाकार केलास तर परत १८० ओळीच. कुठला पण पास घे, स्टेप १८० ओळींची, कारण नोझल १८० आहेत. मग १८० ओळींत अर्धी ओळ चुकली तर किती टक्के? ०.२८. म्हणजे तुझी चूक दर स्टेपला अर्ध्या ओळीपेक्षा जास्त आहे. आणि हे पास एकमेकांच्या फटीत जाऊन बसायचे असतात, सहा पास मिळून एक इंच भरतो, त्यामुळं पहिल्या पासच्या शेजारी शेवटचा पास बसेपर्यंत ती चूक पाच वेळा साठलेली असते. पास वाढवल्यावर तुला रेघ बारीक वाटली ती ओळ लहान झाली म्हणून, टक्का तोच राहिला, आणि रेघा दाट झाल्या.

मी फीड तपासायला मशीनमधल्या त्या छोट्या पट्ट्यांच्या टेस्टवर पूर्ण विसंबत नाही. आधी ती करायची, मग १ मीटर अंतरावर दोन खुणा छापायच्या आणि मीडिया मशीनवर असतानाच स्टीलच्या पट्टीनं मोजायचं. १००० च्या जागी १००३ आले तर ०.३ टक्के जास्त, तेवढी व्हॅल्यू कमी करायची. छोट्या टेस्टमध्ये डोळ्याला अर्धी ओळ कळत नाही, मीटरवर ती तीन मिलिमीटर होऊन समोर येते.

पण एप्रिलमध्ये बरोबर होतं ते आता का चुकलं ह्याचं उत्तर तूच वर दिलंयस, तुझ्या लक्षात आलं नाही एवढंच. हीटर ४० चा ५० केलास. विनाइल गरम झालं की मऊ पडतं, पुढनं टेक-अप (छापलेला माल गुंडाळणारा रोल) ओढत असतंय, मग ते थोडं ताणतं आणि रोलरवरनं थोडं घसरतं पण. कॅलिब्रेशन कुठल्या टेंपरेचरला, कुठल्या मीडियावर, टेक-अप चालू होतं की बंद, ह्या तिन्ही गोष्टी त्या आकड्यात धरलेल्या असतात. एक जरी बदलली की आकडा शिळा. हीटर लावून निदान पंधरा मिनिटं थांब, तेच विनाइल लाव जे कामाला वापरणार, टेक-अप पण तसंच जोड, आणि मग कॅलिब्रेट कर.

७८ चं तुझ्या मशीनच्या फीड रोलरला विचार. कागदाची पट्टी रोलरभोवती गुंडाळ, जिथं टोक मिळतंय तिथं पेनानं खूण कर, सोडवून मोज.

रंकाळाकाठ
काका मोजला. ७८ आणि थोडं. म्हणजे रोलरच्या एका फेऱ्याला एक पट्टा?

जुना_ऑपरेटर
व्हय. एका फेऱ्यात एकदा फिकट एकदा गडद म्हणजे रोलर एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी ढकलतोय. एक तर रोलर वाकडा, नाहीतर त्याच्यावर एका जागी काहीतरी चिकटलंय. स्टिकरचं काम करतोस ना? गोंद बघ आधी.

लेथवाला_उद्यमनगर
मी प्रिंटिंगमधला नाही, माझं उद्यमनगरात लेथ आणि ग्राइंडिंगचं काम आहे, हा धागा भावानं दाखवला म्हणून लिहितोय. रोलर वाकडा आहे का हे बघायला डायल गेज (बारीक फरक काट्यानं दाखवणारं माप) लागतंय, मॅग्नेटिक बेसवर बसवायचं, टोक रोलरला टेकवायचं आणि हातानं एक फेरा फिरवायचं. रोलर फिरवताना मशीन बंद ठेवा नाहीतर मोटर धरून बसते. जिथं रोलरवर खरखरीत दाणे असतात तिथं टोक टेकवू नका, काटा दाण्यावर उड्या मारतो, दोन पट्ट्यांच्या मध्ये गुळगुळीत जागा असते तिथं टेकवा. आणि एकाच जागी बघून सोडू नका, डावीकडं, मध्ये, उजवीकडं तिन्हीकडं बघा. तिन्हीकडं काटा सारखा हलला तर बेअरिंग किंवा बसवण्यात चूक, मध्येच जास्त हलला तर रोलर वाकलाय. डायल गेज नसेल तर या घेऊन जावा, संध्याकाळपर्यंत परत द्या, पैशाचं काय नाही.

रोलर खराब निघाला तरी लेथवर घासायला देऊ नका एवढंच सांगतो. लोक येतात घेऊन, गोल करून द्या म्हणतात. घासला की व्यास कमी होतो, वरचे दाणे जातात, मग मीडिया धरतच नाही.

फ्लेक्सवाला_भाऊ
असला माणूस फक्त कोल्हापुरात भेटतोय, नादखुळा. मला पण पाहिजे होतं ते डायल गेज, पण आधी ह्यांचं होऊ दे.

डिझाइन_राजारामपुरी
मी डिझाइनर आहे, दिवसभर प्रिंटवाल्यांना फाइल देते, म्हणून माझ्या बाजूचं एक सांगते. दादा तुमच्या फोटोत मशीनच्या रेघा उभ्या येतायत कारण तुम्ही फाइल फिरवून काढली. मशीनच्या रेघा कायम कॅरेजच्या (हेड घेऊन फिरणाऱ्या गाड्याच्या) दिशेनं, म्हणजे मीडियाच्या आडव्या येणार, फाइल फिरवली की फोटोत त्या उभ्या होतात. पण तुमचं आकाश वरून खाली बदलतंय. तर आकाशात जर तुम्हाला उभ्यांबरोबर आडवे, रुंद, मऊ कडांचे टप्पे पण दिसत असतील, जिन्यासारखे, तर ते मशीनचे नाहीत, फाइलमधले आहेत. एकदा प्रिंट बघून सांगा.

८ बिटच्या फाइलमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या. तुमचं आकाश ३ फूट उंच धरलं तर ९१४ मिमी, पण केशरी ते निळा जाताना एखाद्या चॅनेलमध्ये सगळ्या २५६ वापरल्या जात नाहीत, समजा ६० वापरल्या तर एक पायरी १५ मिमी ची झाली. मोबाइलवर दिसत नाही, ५ फुटांत दिसते. आणि फोटो व्हॉट्सॲपवरनं आला असेल तर अजून वाईट, आकाशासारख्या सपाट भागात ते कॉम्प्रेशन सगळ्यात आधी पायऱ्या पाडतं. मूळ फाइल मागा, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. फोटोग्राफरकडं रॉ (कॅमेऱ्यातली मूळ फाइल) असेल तर १६ बिटमध्ये उघडून आकाशाचं करेक्शन तिथंच करा.

रॉ नसेल तर फाइल शेवटच्या साइजला आणल्यावर फक्त आकाशावर १ ते २ टक्के नॉइज घाला. गुळगुळीत आकाशात मुद्दाम दाणा घालायला जिवावर येतं, मला पण सुरुवातीला यायचं, पण तो दाणा पायऱ्यांच्या कडा मोडतो, आणि मशीनची जी थोडी रेघ उरते ती पण त्यात विरते. साइज वाढवायच्या आधी नॉइज घालू नका, दाणा मोठा होऊन खरूज आल्यासारखं दिसतं.

रंकाळाकाठ
ताई खरंच आडवे पण आहेत. मी इतका वेळ उभ्यांकडंच बघत होतो. सूर्याच्या वरच्या भागात चार-पाच टप्पे स्पष्ट दिसतात. आणि फोटो व्हॉट्सॲपवरनंच आलाय. फोटोग्राफरला फोन केला, रॉ आहे म्हणाला, उद्या देतो.

इचल_सूत
इचलकरंजीतनं. आमचं कापडावरचं प्रिंटिंग आहे, सब्लिमेशन. आमच्यात तर अजून वाईट, कागदावर रंग मळकट दिसतात, त्यात रेघ दिसतच नाही, आणि हीट प्रेसमधनं कापड बाहेर आलं की रेघा उठून दिसतात. तोपर्यंत शंभर मीटर छापून झालेलं असतं. त्यामुळं आम्ही रोज सकाळी पहिला एक मीटर राखाडी ४० टक्के टोनचा काढतो, प्रेस करतो, आणि मगच काम लावतो.

एक अनुभव सांगतो रोलच्या वजनाबद्दल. रोल नवा असताना जड असतो, मशीनला मागनं ओढायला जास्त ताकद लागते, संपत आला की हलका. आमच्याकडं रोल निम्मा झाला की बँडिंग बदलायचं आणि आम्ही ऑपरेटरला बोलायचो. मग लक्षात आलं, मशीननं थेट रोल ओढायलाच नको, रोल आणि मशीनच्या मध्ये कागद सैल झोका घेत लोंबला पाहिजे. ज्यांच्या मशीनला मागनं मोटर नाही त्यांनी प्रिंटच्या आधी हातानं दोन मीटर सोडवून ठेवायचं. तुमचं १० फुटाचं काम आहे, साडेतीन मीटर आधीच मोकळं करून ठेवा.

पावसात कागदाचं पण बघा. विनाइलच्या मागचा कागद ओल धरतो, कडा लाटेसारख्या उचलतात. रोल प्लॅस्टिकमधनं काढून उघडा ठेवू नका, काम झालं की परत गुंडाळून ठेवा.

पंचगंगा_युनी
कुणी बाय-डायरेक्शनचं (कॅरेज जाता-येता दोन्हीकडनं छापतं त्याचं) बोललं नाही म्हणून लिहितो. हेडमध्ये रंगांच्या रांगा शेजारी शेजारी असतात. कॅरेज डावीकडनं उजवीकडं जाताना समजा सायन आधी पडतो आणि यलो नंतर, परत येताना यलो आधी आणि सायन वर. ओल्या शाईवर कुठला रंग वर बसला ह्यानं हिरव्याची छटा बदलते. म्हणून एक पट्टा जरा निळसर हिरवा, एक जरा पिवळसर हिरवा. शुद्ध रंगात काहीच दिसत नाही, म्हणून लोक नोझल आणि फीड तपासून दमतात. काकांनी वर तिसरी गोष्ट म्हटलं ती हीच असणार.

तपासायला १०० सायन १०० यलोचा हिरवा चौकोन एकदा बाय-डायरेक्शन आणि एकदा युनीमध्ये (एकाच दिशेनं छापून) काढा. युनीत गेलं तर तेच कारण. उपाय युनी हाच, वेळ जवळपास दुप्पट. पास वाढवल्यानं इथं मात्र खरंच फरक पडतो कारण दोन्ही दिशांचे थर जास्त मिसळतात. आणि शाईची लिमिट कमी करा, जास्त शाई पडली की थेंब एकमेकांत मिसळून वाहतात आणि पट्टे अजून उठतात.

बाय-डायरेक्शनची अलाइनमेंट पण बघा पण ती हेडच्या उंचीवर अवलंबून असते. मीडिया जाड-पातळ झाला, हेड वर-खाली केलं, की परत करायची. हेड जितकं खाली ठेवता येईल तितकं चांगलं, घासणार नाही एवढं बघून. उंच हेडवरनं थेंब वाटेत भरकटतो.

जुना_ऑपरेटर
बरोबर, तीच. चांगलं लिहिलंस. मी मुद्दाम मागं ठेवली होती कारण फीड चुकलेलं असताना बाय-डायरेक्शनचं तपासायला गेलं की दोन्ही एकमेकांत मिसळून काहीच कळत नाही. आधी फीड, मग अलाइनमेंट, मग हे. आणि फेदर त्याच्या नंतर. फेदर म्हणजे काय, पासच्या कडेची नोझल कापल्यासारखी सरळ न संपवता विस्कळीत संपवायची, आणि शेजारच्या पासनं ती उरलेली भोकं भरायची. सरळ रेघ डोळा लगेच पकडतो, विस्कटलेली पकडत नाही. पण फीड १० फुटाला १० मिमी चुकलेलं असताना फेदर लावलास तर रेघेच्या जागी जाड धूसर पट्टा मिळेल.

रंकाळाकाठ
मंडळी शुक्रवार रात्र, साडेअकरा वाजलेत, काय काय झालं ते सविस्तर लिहितो कारण नंतर कुणाला तरी लागेल.

लेथवाल्या दादांकडनं डायल गेज आणलं, त्यांनी चहा पण पाजला. रोलरला लावायच्या आधी बॅटरी घेऊन रोलर नीट बघितला, प्लेट काढून, आत वाकून. उजवीकडून तिसऱ्या पट्ट्यावर विनाइलचा गोंद चिकटलेला, नखाएवढा, त्याच्यावर धूळ बसून काळा झालेला, म्हणून वरनं रोलरचाच भाग वाटत होता. गाडीच्या कामात विनाइल उलटं अडकलं होतं एकदा, तेव्हाचाच असणार. आयपीए (साफसफाईचं अल्कोहोल) आणि नायलॉनच्या ब्रशनं काढला, घाईनं ओरबाडला नाही, भिजवून भिजवून. मग सगळा रोलर पुसला, मीडिया वरनं दाबणाऱ्या पिंच रोलरची रबरं पण पुसली. डायल गेज तिन्हीकडं लावलं, काटा पॉइंट शून्य एक मिमीच्या आसपास हलतोय, दादांना फोनवर सांगितलं, ते म्हणाले रोलर चांगला आहे, हात लावू नका.

पिंच रोलर तपासताना अजून एक सापडलं, उजवीकडचे दोन दाबात कमी होते. कागदाची पट्टी प्रत्येकाखाली घालून ओढून बघितली, बाकी सगळीकडं घट्ट आणि तिथं सहज निघते. स्प्रिंग पिन जागेवरनं सरकली होती, बसवली.

मग हीटर. ५० चा ४५ केला आणि समोर टेबल फॅन लावला, वाळतंय व्यवस्थित. वीस मिनिटं गरम होऊ दिलं, तेच विनाइल, टेक-अप जोडून, मागनं साडेतीन मीटर सैल सोडून. १ मीटरच्या खुणा मारल्या, १००२ आले. व्हॅल्यू बदलली, परत मारल्या, १०००. तिसऱ्यांदा पण १०००. मग ४० टक्के राखाडीचा दीड फूट लांब पट्टा काढला. मी आणि पोरगा दोघं ट्यूबलाइटखाली धरून रेघ शोधत होतो. ७८ चे पट्टे पूर्ण गेलेत. ४.२ च्या रेघा अगदी तिरकं धरल्यावर कुठं कुठं.

हिरवा चौकोन बाय-डायरेक्शनमध्ये काढला, पट्टे आले, युनीत गेले. फोटोत झाडी आहे पण तिथं टेक्स्चर आहे त्यामुळं तिथं काळजी नव्हती, काळजी होती ती केशरीची, त्यात मॅजेंटा आणि यलो आहेत. केशरीचा चौकोन काढला, त्यात पण थोडं होतं. म्हणून काम युनीतच काढायचं ठरवलं, ८ पास, फेदर मध्यम.

रॉ आली दुपारी, ताईंनी सांगितलं तसं १६ बिटमध्ये आकाश केलं, शेवटच्या साइजला आणून दीड टक्का नॉइज. आकाशातला २ फूट बाय १ फूट तुकडा आधी काढला. तो बघितल्यावरच पूर्ण प्रिंट लावला. सव्वा तास लागला. मी तिथनं हललो नाही, पोरगा जेवायला जा म्हणत होता.

आत्ता तो प्रिंट टेबलावर वाळतोय, लांबी मोजली, ३०४९. आकाश एकसंध आहे. रंकाळ्यावर लहानपणापासून बघतोय तसंच आलंय, सूर्य गेल्यावर पाण्यावर जो जांभळा रंग येतो तो पण आलाय.

जुना_ऑपरेटर
३०४९ वाचून बरं वाटलं. लॅमिनेशन घाईनं करू नकोस, इको सॉल्व्हंट वरनं कोरडं वाटतंय तरी आत सॉल्व्हंट असतंय, लगेच फिल्म चढवलीस तर ते अडकून विनाइल मऊ पडतं आणि कडा उचलतात. मी एक पूर्ण दिवस ठेवतो, पावसाळ्यात जास्त. शनिवारी द्यायचं म्हणालास, मालकांना सांगून सोमवार कर.

रंकाळाकाठ
सकाळी फोन केला काका, राखाडी पट्टा आणि आकाशाचा तुकडा घेऊन जाऊन दाखवला पण. सोमवार म्हणाले, काही हरकत नाही. एक विचारायचं राहिलं, हे ४५ चं कॅलिब्रेशन गाडीच्या विनाइलला चालेल का?

जुना_ऑपरेटर
नाही. गाडीचं विनाइल पातळ आणि जास्त ताणणारं असतंय. रिपमध्ये (प्रिंटच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रत्येक मीडियाच्या नावानं वेगळा प्रोफाइल सेव्ह कर, त्यात फीडची व्हॅल्यू आणि हीटर दोन्ही ठेव, आणि रोलच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीवर मार्करनं तोच आकडा लिहून ठेव. पोरानं रोल चढवताना आकडा समोर दिसला पाहिजे.

फ्लेक्सवाला_भाऊ
डायल गेज मोकळं झालं का? माझ्या मशीनला १०२ मिमी वर पट्टा येतोय, आत्ताच मोजला. रोलर अजून मोजायचाय.

लेथवाला_उद्यमनगर
सोमवारी सकाळी दहानंतर या. येताना बॅटरी घेऊन आधी रोलर बघूनच या.